पट्टा एक बटण वर

माणूस समोर आला की लोक त्याचं तोंड बघतात, मी कमर बघते. चांगली खोड नाही, पण या वयात आता ती कुठं जायची? बँकेच्या दारातला पहारेकरी, वरातीतला बँडवाला, पुढाऱ्याच्या मागं पळणारा अंगरक्षक, कुणाच्याही कमरेला पितळ चमकलं की माझे डोळे तिथं जाऊन बसतात. आमच्या बँकेतला पहारेकरी पट्टा पोटाखाली बांधतो. पोट वर, पट्टा खाली, आणि बक्कल डाव्या खिशाकडं तोंड फिरवून बसलेलं. एकदा न राहवून मी त्याला म्हणाले, "भाऊ, जरा वर घे की. बेंबीवर." तो इकडंतिकडं बघत म्हणाला, "मावशी, पासबुक भरायचंय का तुमाला?" सून बरोबर होती. ती लाजेनं पुढं निघून गेली आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मी जालन्यात वीसेक वर्षं बायकांना कवायत शिकवली. जत्रा, मिरवणूक, निवडणूक असली की पोलिसांच्या मदतीला खाकी घालून जे स्वयंसेवक उभे राहतात, त्यांच्या महिला पथकाची मी शिकवणारी. कागदावर माझ्या पदाचं नाव बरंच लांब होतं. बायका मला उस्तादबाई म्हणायच्या, आणि मला तेच आवडायचं, कारण पलटणीत कवायत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. माझे वडील पलटणीत नाईक होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पेन्शन घेऊन ते गावी, टेंभुर्णीला परत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन कांबळी, काही पदकं आणि एक पट्टा होता. पदकं त्यांनी आईच्या ताब्यात दिली. पट्ट्याला मात्र कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. पुढं पितळ घासण्याच्या कामाला मी लागले म्हणून मला परवानगी मिळाली.

हा पट्टा म्हणजे पँटीत ओवायचा चामडी पट्टा नव्हे, हे आधीच सांगते. बाजेची निवार पाहिली असेल तुम्ही. तसंच, पण त्याच्या दुप्पट जाड सुती विणकाम, तीन बोटं रुंद. पुढं पितळेचं बक्कल, दोन भागांचं, एकमेकांत अडकणारं. आतल्या अंगाला दोन्ही टोकांना पितळी आकडे. पट्टा लहानमोठा करायचा तर दोन्ही टोकं सारखी दुमडायची आणि ते आकडे विणीत रोवायचे. दुमडलेलं टोक लोंबू नये म्हणून वरून दोन पितळी कड्या. एवढाच ऐवज. पण तो नीट बांधायला शिकवताना मी नवऱ्याशी भांडले नसेन इतकी या बायकांशी भांडलेय.

आबांचे नियम असे होते. पट्टा उभ्यानं बांधायचा, बसून नाही. बक्कल बेंबीवर आणि शर्टाच्या बटणांच्या ओळीत. गळ्यापासून ओळंबा सोडला तर बटणं, बक्कल आणि पँटीची पुढची शिवण एका दोरीत यायला हवी. दोन्ही कड्या बक्कलापासून सारख्या अंतरावर. शर्टाचा फुगा पुढं दिसता कामा नये. तो दोन्ही कुशींकडून मागं ओढून चपटी घडी घालायची आणि मग वरून पट्टा. मागच्या बाजूनं तो पाठीवर चढलेला नको. आणि सगळं झालं की पट्ट्यात बोटं घालून बघायची. दोन बोटं गेली पाहिजेत. तिसरं जात असेल तर पट्टा ढिला, आणि दुसरंच अडत असेल तर माणूस उन्हात आडवा होणार.

"पट्टा काही धरून ठेवायला नसतो," आबा म्हणायचे. "पँटीला तिचे हूक असतात. पट्टा आठवण द्यायला असतो, आपण कसे उभे राहून राह्यलो याची."

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती माझ्या मनात फार खोल गेली. पलटणीत कुणावर आरोप आला आणि त्याला साहेबापुढं उभं करायचं झालं, की आधी त्याची टोपी आणि पट्टा काढून घेतात. मग निर्दोष सुटला तर परत देतात. म्हणून शिपाई चारचौघांत पट्टा काढत नाही. आबा तर घरीसुद्धा भिंतीकडं तोंड करून काढायचे.

जालना जिल्हा नवा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमचं पथक निघालं. त्यात कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी वाहणाऱ्या होत्या, भाजी विकणाऱ्या होत्या, अंगणवाडीवाल्या होत्या, दोघी शाळामास्तरणीही होत्या. आयुष्यात कुणी पँट घातली नव्हती. घरून निघताना पँटीवर लुगडं नेसून यायच्या, मैदानाशेजारच्या खोलीत लुगडं सोडायच्या आणि जाताना पुन्हा नेसून जायच्या. त्या खोलीत लुगड्यांचा एवढा ढीग पडायचा की परटाचं दुकान वाटावं. निघताना कुणाचं लुगडं कुणाच्या अंगावर गेलं यावरून रोज थोडी बाचाबाची व्हायची.

पहिल्या दिवशी पट्टे वाटले आणि सांगितलं, कमरेला बांधा. सगळ्यांनी बांधले. मी ओळीतून फिरले आणि चक्रावले. एकीचाही बेंबीवर नाही. सगळ्यांचे खाली, आणि सगळ्यांचे एकाच जागी. मग माझ्या लक्षात आलं. मुलगी मोठी झाली की तिच्या कमरेला परकराची नाडी येते, ती मरेपर्यंत. त्या नाडीचा काळा वळ पडलेला असतो. बाईला कमर म्हटली की तोच वळ ठाऊक. पट्टे बराबर त्या वळावर जाऊन बसले होते. आणि आवळलेही नाडीसारखेच, कारण नाडी सुटली तर सगळंच सुटतं ही भीती लहानपणापासून अंगात मुरलेली. मी बोटं घालून बघायला गेले तर नखसुद्धा शिरेना. त्या दिवशी तिघी उन्हात खाली बसल्या. एकीच्या तोंडावर पाणी मारलं तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या ती पहिलं काय म्हणाली असेल? "पँट हाय न्हवं जागेवर?"

महिनाभर घसा कोरडा केला, पण ही भीती जाईना. शिंप्यानं हूक लावून पँटी दिल्या होत्या, तरी बायकांनी गुपचूप आतून नाड्या ओवल्या होत्या. शेवटी एका जत्रेत ही भीती गेली. देवळापुढं बायकांची रांग लावायची होती आणि आणलेला दोर कुणीतरी पळवला होता. गर्दी रेटायला लागली. मी म्हणाले, "पट्टे सोडा." बायका माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी माझा सोडला. या पट्ट्याचं बक्कल दोन भागांचं असल्यामुळं एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकात अडकतं. सगळे पट्टे एकात एक अडकवले, चांगला दोर झाला, रांग लागली. दिवसभर बायका एका हातानं गर्दी आवरत होत्या आणि दुसऱ्या हातानं पँट धरून होत्या. संध्याकाळी कुणाचीही पँट पडलेली नव्हती. त्या दिवसापासून त्यांना पट्टा बेंबीवर बांधता यायला लागला.

त्या रांगेत दोन्ही हात मोकळे सोडून उभी होती ती एकटी कौसल्या. तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?" तर म्हणाली, "पडली आस्ती तर उचलली आस्ती, बाई. त्यात काय?"

ही कौसल्या आमच्या पथकाची उजवी मार्कर. म्हणजे ओळीत सगळ्यात उजवीकडं उभी राहणारी. बाकीच्या तिच्याकडं बघून आपली जागा धरतात. ती वाकडी तर सगळी ओळ वाकडी. जिनिंगमध्ये डोक्यावर ओझी वाहून तिची मान आणि पाठ अशी झाली होती की मला शिकवायला काही उरलंच नव्हतं. बोलायला फटकळ. पण पट्टा बांधून उभी राहिली की तिच्या तोंडावर एक शांतपणा यायचा. मी पुष्कळ बायका आणि पुष्कळ पुरुष कवायतीत पाहिले, तिच्यासारखं उभं राहताना मी कुणाला पाहिलं नाही. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. उस्तादानं बोलायचं नसतं.

एक दिवस दुपारी माझ्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. नऊवारी, कपाळभर कुंकू, एक हात कमरेवर.

"तुमीच का त्या पट्टा बांधणाऱ्या बाई?"

"हो. या ना, बसा."

"मी कौसल्याची सासू, पार्वताबाई. धावड्याचे आमी. आता जुन्या जालन्यात ऱ्हातो."

मी तांब्या आणून पुढं ठेवला. तिनं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. आडनावावरून आम्ही बौद्ध हे आमच्याकडं लगेच कळतं. तिनं तांब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. मग तांब्या तसाच राहू दिला आणि बोलायला लागली.

"आठ वर्सं झाले लग्नाला. दोन खेपा राह्यलं, दोन्ही खेपा तिसऱ्या म्हयन्यात गेलं. अन् आता तुमी तिची कंबर आवळून राह्यल्या. अशानं कूस धरंल का? लोक म्हणून राह्यले, पोराला दुसरी करा. मी अजून हो म्हणलं न्हाई. पण किती दिस न्हाई म्हणू, सांगा तुमी."

तिच्या बोलण्यात राग होता, पण तो माझ्यावर नव्हता, हे मला कळलं. तिला कौसल्या हवी होती आणि नातवंडही हवं होतं, आणि दोन्ही एकदम हातात राहतील असं तिला वाटेना. मी वाद घातला नाही. आतून एक जुना पट्टा आणला आणि म्हणाले, "उभ्या राहा."

"मी?"

"तुम्हीच. आवळतो का ते तुम्हीच बघा."

लुगड्यावरून पट्टा बांधला, बेंबीवर. तिला म्हणाले, आत दोन बोटं घाला. गेली. म्हणाले, आता लुगड्याच्या गाठीत घाला. तिनं घालून पाहिली. अर्धं बोटसुद्धा गेलं नाही.  तिचा कमरेवरचा हात खाली आला होता. तिनं खांदे जरा मागं घेतले, घरात चार पावलं टाकली, परत आली.

"पाठीला लई बरं वाटून राह्यलं," ती हळूच म्हणाली. "कापूस वेचू वेचू माझ्या कमरंचे तुकडे झाले. हा पट्टा धरून ठेवतो की."

आबांचा नियम त्या दिवशी एका म्हातारीनं मोडला. पट्टा धरून ठेवायला नसतो, हे मी तिला सांगणार होते, पण जिभेवर आलेलं गिळलं. ती पट्टा बांधूनच गेली, वरून पदर घेऊन. जाताना म्हणाली, "येऊ द्या तिला कवायतीला. बाकीचं मंग बघू." पाणी मात्र तिनं घेतलं नाही. तांब्या भरलेलाच होता.

त्या हिवाळ्यात आम्हाला सांगण्यात आलं की सव्वीस जानेवारीच्या संचलनात महिला पथकही असेल. आमच्या गावात हे पहिल्यांदाच होणार होतं. रोज सकाळी सराव सुरू झाला. थंडीनं बायकांच्या तोंडातून वाफा निघायच्या. आमचे साहेब स्वतः येऊन बघायचे, कारण बायकांनी नाक कापलं तर त्यांचंच कापलं जाणार होतं. पथक रंगात आलं होतं. पाय आपटला की मैदान हलावं असा आवाज यायचा, आणि साहेब त्या आवाजावर खूश होते.

एका सकाळी पट्टे तपासताना कौसल्यापाशी माझी बोटं थांबली. पट्टा नियमानुसार होता, दोन बोटं जात होती. पण आकडा ज्या जागी बरेच दिवस रोवलेला असतो तिथं विणीवर पितळेचा हिरवट डाग पडतो. बोटांनी तिचा पट्टा जरा पुढं ओढला तर आतले डाग दोन्हीकडं उघडे पडलेले दिसत होते आणि आकडे पुढं सरकलेले. तिनं पट्टा वाढवला होता. जिनिंगमधली बाई हिवाळ्यात अंगानं भरत नसते. बायकांना मी विश्रांती दिली आणि तिला मैदानाच्या कडेला, कडुलिंबाखाली नेलं.

"पट्टा काढ," मी म्हणाले. मला डाग नीट बघायचा होता, एवढंच.

तिचं तोंड उतरलं. पलटणीतली ती आरोपीची गोष्ट मीच या बायकांना सांगितली होती.

"मी काय गुन्हा केला, बाई?"

मला माझंच बोलणं टोचलं. मी आधी माझा पट्टा काढून दगडावर ठेवला आणि मग म्हणाले, "काही नाही. ये, बस." मग तिनं काढला. दोघी बिनपट्ट्याच्या, पारावरच्या बायकांसारख्या बसलो. मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

"चौथा लागला, बाई. कुणालाच ठाव न्हाई. मालकाला बी न्हाई."

"सासूला?"

"आत्याबाईला तर बिलकुल न्हाई. दोन्ही खेपा पयल्या म्हयन्यात सांगितलं अन् नजर लागली. आता सांगितलं अन् पुन्हा गेलं, तर त्याच हप्त्यात दुसरी घरात येईल."

"मग घरी बस, कौसल्या. काहीतरी कारण सांग. पाय मुरगळला म्हण."

तिनं मान हलवली. "दोन्ही खेपा घरातच बसले व्हते. आत्याबाईनं उंबरा ओलांडू दिला न्हाई. बाजेवर पडून ऱ्हायले, तरी गेले. आता जे व्हायचं ते उभ्यानं होऊ द्या. अन् मी एकाएकी बसले तर आत्याबाई काय येडी हाय? तिला लगेच उमजंल."

मला राग आला, भीतीही वाटली. तिचा राग नव्हे, त्या घराचा, त्या लोकांचा, आणि खरं सांगायचं तर दगडावर ठेवलेल्या त्या पट्ट्याचाही. मी तिला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, चालायला हरकत नाही, चाललेलं चांगलंच. पण पाय आपटायचा नाही, ओझं उचलायचं नाही आणि पोटावर काहीही आवळायचं नाही. जिनिंगमधलं डोक्यावरचं काम तिनं त्याच दिवशी बदलून घेतलं आणि झाडायच्या कामावर गेली. घरी सांगितलं, मुकादमानं बदललं.

आता माझ्यापुढं पेच होता. पाय न आपटता संचलन होत नाही, आणि बेंबीवर पट्टा बांधला तर तो बराबर पोटावर येतो. ती ढिला बांधणार, ओळीत एकटीचा पट्टा लोंबणार, आणि तीही उजवी मार्कर, म्हणजे व्यासपीठाच्या सगळ्यात जवळची. हजार डोळे तिच्यावर. रात्रभर आबांचे नियम डोक्यात फिरत होते. सकाळ होता होता सुचलं. पट्टा नियमात आहे की नाही हे बघणारा मोजपट्टी घेऊन येत नाही. तो ओळ बघतो. एकीचा वर आणि बाकीच्यांचा खाली, तर एकीचा चुकला. सगळ्यांचा वर, तर कुणाचाच चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ओळीपुढं उभी राहून सांगितलं, "आजपासून पट्टा एक बटण वर बांधायचा. बेंबीच्या वर, बरगडीच्या खाली. आणि पाय टेकवायचा, आपटायचा नाही. मला आवाज नको, ओळ पाहिजे."

भाजी विकणारी अनुसया होती, तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. तिनं तोंड उघडलं, "पर बाई, का..." तेवढ्यात शेजारणीनं तिला कोपर मारलं. तिनं शेजारणीकडं पाहिलं, मग पुढं पाहिलं आणि पट्टा एक बटण वर सरकवला. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून कौसल्याचा पाण्याचा हंडा तिच्याआधी कुणीतरी उचलायचं, आणि विश्रांतीत सावलीतली जागा तिच्यासाठी रिकामी राहायची. पथकातल्या सगळ्या बायका बायकाच होत्या. त्यांच्यापासून हे लपणार कसं?

साहेब आले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, पायाचा आवाज कुठं गेला?"

"साहेब, बूट नवे आहेत. आपटले की टाचा निघून राह्यल्या. ऐन दिवशी कुणाची टाच मागं राहिली तर शोभा होईल."

ते हसले, म्हणाले, "मग राहू द्या." पट्ट्याकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. लक्ष जाणारा माणूस एकच होता, आणि तो टेंभुर्णीहून एसटीनं येणार होता.

सव्वीस तारखेला आबा कोट घालून, पदकं लावून आले आणि जुन्या फौजी लोकांच्या बाकावर बसले. समोरच्या गर्दीत पार्वताबाई दिसली. पदर कमरेवर फुगलेला होता, म्हणजे आत पट्टा होता. आमचं पथक निघालं. पावलांचा आवाज जवळजवळ नव्हताच. एवढ्या बायका, आणि नुसती कापडाची सळसळ. लोक आधी कुजबुजले आणि मग गप्प झाले. व्यासपीठासमोर कौसल्यानं मार्करच्या नियमानं नजर सरळ पुढं ठेवली. बाकीच्या सगळ्या माना एकदम उजवीकडं वळल्या. सगळी बक्कलं एका सुतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी कडेला सावधान उभी असल्यामुळं ते पुसायला हात उचलता येत नव्हता. मी आबांकडं पाहिलं. त्यांची नजर बक्कलांवर होती आणि तोंड दगडासारखं झालं होतं.

संपल्यावर मी त्यांच्याकडं गेले. वाटलं, आता सगळ्यांसमोर ऐकावं लागणार. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पट्टा वर होता," ते म्हणाले.

"हो, आबा."

"सगळ्यांचा."

"हो."

त्यांनी गर्दीकडं पाठ केली. मग आवाज उतरवून विचारलं, "कितवा महिना हाय?"

मी दचकले. मग सांगितलं, "चौथा. कोण ते सांगते, ती उजवीकडं..."

त्यांनी हात वर केला. "नको सांगू. मी पयल्यापासून बघून राह्यलो, मला ओळखू आली न्हाई. म्हणजे बराबर बांधला."

आबांनी आयुष्यात माझी केलेली ती एकच तारीफ. ते आता नाहीत. त्यांचा पट्टा माझ्याकडं आहे.

त्यानंतर बरीच वर्षं मी हे काम केलं. पुढं सुती पट्टे गेले, नायलॉनचे आले, आता तर ताणले की वाढणारे आले आहेत. त्यांना डाग पडत नाहीत, त्यामुळं बाई जाड झाली की बारीक, आजारी आहे की उपाशी, हे पट्ट्यावरून कळत नाही. पितळ नाही, म्हणून घासणंही नाही. सोय झाली हे मला मान्य आहे, पण मन मानत नाही. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी कौसल्या उस्ताद झाली. ती माझ्यापेक्षा कडक आहे, असं बायका सांगतात. मला बरं वाटतं.

तिला मुलगी झाली. संचलनानंतर आठवड्यानं तिनं सासूला सांगितलं होतं आणि उरलेले महिने पार्वताबाईनं तिला फुलासारखं जपलं. पाचव्या दिवशी मी बाळ बघायला गेले. बाहेरच उभी राहणार होते. बाळंतिणीच्या खोलीत कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, याचे त्यांचे नियम असतील, आणि माझं आडनाव त्यांना माहीत होतं. पण म्हातारीनं मला मनगटाला धरून आत नेलं. तिच्या लुगड्यावर पट्टा होता, आता पदराखाली लपवलेला नाही, आणि बक्कल बराबर बेंबीवर. मी हळूच विचारलं, "मग, दुसरीचं काय?"

"कशाची दुसरी?" ती म्हणाली. "एकीचं करता करता माझी कंबर गेली."

कौसल्या बाजेवर होती. बाळंतिणीचं बांधतात तसं तिचं पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलेलं. माझा हात सवयीनं पुढं गेला. मी पट्टीत दोन बोटं घालून बघितली. जाईनात.

"जरा घट्ट नाही झालं?" मी म्हणाले.

पार्वताबाईनं माझ्या हातावर चापट मारली. "ही कवायत न्हाई, बाई. इथली उस्ताद मी." आणि माझ्यासमोर तिनं गाठ अजून थोडी ओढली. कौसल्या तोंडावर पदर धरून हसत होती. मग म्हातारी आत गेली, तांब्या भरून घेऊन आली आणि माझ्या हातात दिला.

"बसा. पाणी घ्या," ती म्हणाली. "त्या दिशी तुमच्याकडं ऱ्हायलं व्हतं माझं. आता तुमच्या घरी आले की मला बी पाजा."

मी बाजेच्या कडेला बसले आणि पाणी प्याले.